बाकी नेहमीप्रमाणे

डहाणूच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे कागद लिहायला बसलो, त्याला पंचवीस वर्षं झाली. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "स्टॅम्प कितीचा लागेल?" दर काय ठरला, माल मोजायचा कुठे, असं मी विचारलं की म्हणतो, "लिहा ना, नेहमीप्रमाणे."

या 'नेहमीप्रमाणे'चा चटका मलाही बसलाय. घोलवडजवळची आमची चिकूची छोटी वाडी मी एका व्यापाऱ्याला वर्षभर ठेक्याने दिली. जगाचे कागद लिहिणारा मी, स्वतःचा अर्ध्या पानात उरकला: रक्कम तीन हप्त्यांत, बाकी नेहमीप्रमाणे. पावसाळ्यात बुरशी पडली, कोवळी फळं गळाली. व्यापारी म्हणाला, फवारणी मालकाची. मी म्हणालो, ठेकेदाराची. कागद काढला, तर त्यात फवारणी हा शब्दच नाही. शेवटचा हप्ता अजून यायचाय.

आपला करार कायदा १८७२ चा. एकाने देऊ केलं, दुसऱ्याने मान्य केलं, दोन्हीकडून काही देणंघेणं ठरलं, दोघं सज्ञान आणि शुद्धीत आहेत, काम बेकायदा नाही आणि संमती खुशीची आहे, की करार झाला. बरेच करार तोंडीही चालतात. फक्त भांडण लागलं की सिद्ध करताना घाम फुटतो. घर-जमिनीचा वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदवावाच लागतो. स्टॅम्प हे सरकारचं शुल्क. त्याने मोघम वाक्याला अर्थ येत नाही. उलट, ज्याचा अर्थ ठरवताच येत नाही तो करार कलम २९ प्रमाणे रद्दच.

नेमकं बोलणं म्हणजे काय, ते आमच्याच भागात दिसलं होतं. लग्नाच्या कर्जापायी इथे नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. सोबत किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी काय? ५०० पौंड गवताला अडीच रुपये. वजन ठरलेलं, दाम ठरलेला. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पण त्या मागणीत 'नेहमीप्रमाणे' नव्हतं. नेहमीचं तेच तर मोडायचं होतं.

कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. तरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्यांना बयाणा तोंडपाठ असतो आणि हजार विटांचा दर विचारला की ते मुकादमाकडे बघतात.

म्हणून हल्ली मी कागद मोठ्याने वाचतो आणि मग दोघांनाही तो आपल्या शब्दांत सांगायला लावतो. मागच्या हंगामात तलासरीकडचे एक काका मुकादमाबरोबर आले. वाचून झालं. काकांनी शाईच्या पॅडवर टेकवलेला अंगठा उचलला आणि विचारलं, "आठवड्याची खर्ची मजुरीतून कापणार, की वेगळी?"

मुकादम म्हणाला, "ते नेहमीप्रमाणे, काका."

काकांनी अंगठा धोतराला पुसला. "मग तेवढं लिवा," मला म्हणाले, "नि परत वाचा."