बागेतून बांधावर आलेली घाणेरी

अहिल्यानगर जिल्ह्यात बांधावर, पडीक रानात व डोंगरउतारावर माजणारी घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची येथील नव्हे. बागेतील व्हर्बेनाच्याच कुळातील हे झुडूप उष्ण अमेरिकेतील होय. १७ व्या शतकात ते युरोपात गेले. तेथील माळ्यांनी संकर करून त्याचे रंगीबेरंगी फुलांचे अनेक वाण तयार केले. १९ व्या शतकाच्या आरंभी ते शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले. गुरे सहसा त्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणासही ते सोयीचे ठरले. परंतु त्याची पिकलेली काळी फळे पाखरांनी खाल्ली आणि बी रानोमाळ पसरले. १९२१ मध्ये बी खाणारी माशी परदेशातून आणून सोडण्यात आली. तरीही हे तण आटोक्यात आले नाही.

घाणेरीखाली गवत वाढत नाही व गायरान घटते. चाराटंचाईत जनावराने पाला खाल्ल्यास त्यास कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते. असे जनावर सावलीत बांधून पशुवैद्यास त्वरित दाखवावे.

झुडूप नुसते छाटल्यास पुन्हा फुटते. यास्तव फळे धरण्यापूर्वीच जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल सोटमूळ तोडावे, झुडूप उलटे करून वाळू द्यावे आणि मोकळ्या जागी गवताचे बी पेरावे.