कमी पाण्यातील किफायतशीर पीक : दिल्ली परिसरातील मोहरी

मराठी घरात मोहरी मुख्यतः फोडणीपुरती लागते. दिल्लीच्या परिसरात मात्र तिचेच तेल रोजच्या स्वयंपाकात वापरले जाते आणि रब्बीचे नगदी पीक म्हणून शेतकऱ्याची मदारही तिच्यावरच असते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हरियाणातील रेवाडी व महेंद्रगड, तसेच राजस्थानातील अलवर व भरतपूर हे जिल्हेही समाविष्ट आहेत. तेथील हलक्या, रेताड जमिनीत खरिपात बाजरी व रब्बीत मोहरी हा क्रम रूढ आहे. भरतपूरजवळील सेवर येथे १९९३ साली मोहरीवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

गहू की मोहरी?

गव्हाला साधारणतः पाच-सहा पाण्याच्या पाळ्या लागतात. मोहरी एक-दोन पाळ्यांत येते. गव्हाचे उत्पादन अधिक असते हे खरे. परंतु २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४२५ रुपये, तर मोहरीची ५,९५० रुपये जाहीर झाली होती. म्हणून तुलना करावयाची ती खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेची आणि उपसलेल्या पाण्याची. कूपनलिका खोल करण्यासाठी घेतलेले कर्ज फिटण्यापूर्वीच पाणी आणखी खाली गेले, तर शेतकरी व बँक या दोघांचेही नुकसान होते.

लागवडीतील दक्षता

मोहरीची पेरणी ऑक्टोबरमध्ये, जमिनीत ओल असतानाच उरकावी. उशिरा पेरलेल्या पिकावर मावा अधिक पडतो. हेक्टरी चार ते पाच किलो बियाणे पुरेसे होते. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे. पहिले पाणी फुलोऱ्यापूर्वी व दुसरे शेंगा भरताना द्यावे.

गंधकाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वस्तुतः गंधकाने दाण्यातील तेलाचे प्रमाण वाढते, आणि या भागातील बाजारात भाव ठरतो तो ४२ टक्के तेलाच्या अटीवर. तेल कमी भरले की भाव कापला जातो. माती परीक्षणानुसार दिलेल्या जिप्समचा खर्च असा विक्रीच्या वेळी भरून निघतो.

फुलोऱ्याच्या काळात मधपेट्या ठेवल्यास परागीभवनास मदत होते व मधाचे उत्पन्नही मिळते. मात्र कीटकनाशकाची फवारणी अनिवार्य असल्यास ती मधमाश्या परतल्यावर, सायंकाळीच करावी.

विश्वासाचे मोल

१९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलोदरासारख्या विकाराची साथ पसरली व साठाहून अधिक जणांचा बळी गेला. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्याच्या तेलाची ती भेसळ होती. शेतातील हे तण फुलण्यापूर्वी उपटणे आणि माल स्वच्छ करूनच बाजारात नेणे, हे म्हणूनच शेतकऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

अर्थसाहाय्य आणि नियोजन

बियाणे, खते व मजुरीसाठी १९९८ पासून उपलब्ध असलेले किसान क्रेडिट कार्ड उपयुक्त आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत रब्बी तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या कमाल दीड टक्का ठेवण्यात आला. काढणीनंतर आवक वाढून भाव उतरतात, तेव्हा माल नोंदणीकृत गोदामात ठेवून गोदाम पावतीवर कर्ज घेतल्यास घाईची विक्री टळते.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करावे लागते. त्यामुळे मोहरीला मागणीची चिंता नाही; चिंता आहे ती पाण्याची. कर्जाचा अर्ज भरताना ग्राहकाने आणि तो तपासताना शाखेतील अधिकाऱ्याने पिकाच्या उत्पन्नासोबत पाण्याचाही हिशेब मांडला, तर कर्जाची परतफेड आणि पुढील हंगामाची पेरणी, दोन्ही सुकर होतील.