अ‍ॅक्रनचं पत्र : नाव-गाव न विचारता

अ‍ॅक्रन, ओहायो

अमेरिकेत नुसता खोकला घेऊन दवाखान्यात गेलात तरी आधी विम्याचं कार्ड दाखवा, मग चार पानी फॉर्म भरा. डॉक्टरांची गाठ त्यानंतर. त्याच देशात दारू सोडू पाहणारा माणूस मात्र एखाद्या चर्चच्या तळघरात थेट जाऊन खुर्चीवर बसू शकतो. फी नाही, नोंदवही नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजेच ए.ए.च्या सभा आपल्याकडे मुंबई-पुण्यातही भरतात. त्यांचं जन्मगाव हे, अ‍ॅक्रन.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस १९३५च्या मे महिन्यात कामानिमित्त इथे आला होता. काही महिने दारूपासून लांब होता, आणि इथे हातातलं काम फिसकटलं. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बारमधला गलबला ऐकू येत होता. दुसरीकडे टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन उचलला. कुणी एखादा दारुडा भेटवून द्या, स्वतःला सावरायला मला त्याच्याशी बोलायचंय, अशी त्याची अजब मागणी! अशाने गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटंच बसेन म्हणणारे डॉक्टर काही तास बसले, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचीच फजिती सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला. हाच ए.ए.चा वाढदिवस. दर जूनमध्ये त्यासाठी इथे हजारो लोक लोटतात, आणि कित्येक जण मोटरसायकलींवरून डॉक्टरांच्या कबरीपर्यंत जातात.

सभा शोधणं सोपं आहे. फोनवर ‘मीटिंग गाइड’ अ‍ॅप आहे. ते नको असेल तर गावोगावच्या ए.ए.च्या इंटरग्रुप कचेरीला फोन करायचा, पलीकडे बहुतेक वेळा दारू सोडलेलाच कुणी स्वयंसेवक असतो. यादीत एक गोष्ट नीट पाहायची. ‘क्लोज्ड’ सभा फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी, ‘ओपन’ सभेला कुणीही बसावं. मी बसलो ते ओपन सभेत. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असा दंडक असल्याने कुणाचीही कहाणी या पत्रात नाही.

खोली मात्र सांगतो. घडीच्या खुर्च्या, कॉफीचं भलंमोठं भांडं, डोनटचा खोका, भिंतीवर दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. ओहायोत मुख्य वक्त्याच्या बोलण्याला ‘लीड’ म्हणतात. दारू कशी लागली, काय काय गमावलं, कशी सुटली, हे एकजण सलग सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, शेवटी सल्ला देत नाही. आपल्या चार माणसांत हे जमेल का, असा विचार आलाच. मग टोपली फिरते. सभासद डॉलर-दोन डॉलर टाकतात. पाहुण्याने टाकू नयेत, कारण बाहेरचा पैसा घ्यायचा नाही हा ए.ए.चा नियमच आहे.

त्याच टोपलीत नोटांबरोबर काही घडी घातलेले कागदही पडतात. नशेत गाडी चालवताना पकडलेल्यांना न्यायाधीश अनेकदा इतक्या सभांना जा म्हणून सांगतो, आणि त्या हजेरीच्या चिठ्ठ्या सभेचा सेक्रेटरी सही करून परत देतो. ही सक्ती मला पटत नाही. सभा चालते ती आपखुशीने आलेल्यांच्या जिवावर. शिवाय इथे देवाचं नाव वारंवार येतं, शेवटी हात धरून प्रार्थनाही होते. त्यामुळे १९९०च्या दशकात फेडरल अपील न्यायालयांनी सरकारला अशी सक्ती करता येणार नाही, असं बजावलं. देव नको असणाऱ्यांसाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत, ए.ए.तही निधर्मी सभा आहेत. पण नास्तिकांनी सगळंच मोडीत काढू नये. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि माणूस पूर्ण कोरडा राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

इथल्या आपल्या मराठी मंडळींची भीती वेगळीच. २०१५पासून नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा शाबीत झाला नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे दारूचा विषयच घराबाहेर काढायचा नाही अशी वृत्ती बनते. मंडळाच्या गणपतीत सगळे भेटतात, पण याबद्दल चकार शब्द नाही. वास्तविक सभेला जाण्याने व्हिसाच्या कागदांवर काही उमटत नाही. धोका आहे तो पिऊन स्टिअरिंगवर बसण्यात.

आणि नवरा जायला तयार नसेल तर? बिलची बायको लोइस हिच्या पुढाकाराने १९५१मध्ये घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू झालं. पिणाऱ्याला कसं सुधारायचं हा तिथला विषय नसतो. पिणाऱ्याबरोबर राहणाऱ्याने स्वतःला कसं सावरायचं, यावर बोलणं होतं. नवऱ्याने दारू सोडलेली असो वा नसो, बायकोला जाता येतं. मात्र ही स्वतंत्र संघटना आहे. तिच्या सभा ‘मीटिंग गाइड’वर सापडत नाहीत, अल-अ‍ॅनॉनची यादी वेगळी पाहावी लागते.