रुबिस्को: बदनाम पण निर्दोष

हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेत बदलण्याची पहिली पायरी पानातले रुबिस्को हे विकर पार पाडते, आणि नावे ठेवली जातात तीही त्यालाच. इतर अनेक विकरे सेकंदाला शेकडो रेणू हातावेगळे करतात; हे जेमतेम तीन-चार. शिवाय 25 अंश तापमानाला साधारण चार खेपांत एकदा ते कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनच उचलते, आणि ती चूक निस्तरताना कमावलेला थोडा कार्बन पुन्हा हवेत जातो. वेगाची उणीव वनस्पती संख्येने भरून काढतात: गव्हासारख्या पिकाच्या पानातल्या विद्राव्य प्रथिनांत निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा असतो. एवढ्यावरून त्याला निकृष्ट ठरवणे मात्र मला अन्यायाचे वाटते.

त्याचे काम उलगडले ते अमेरिकेत, बर्कलीला. 1940 मध्ये कार्बन-14 सापडला होता. मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी तो क्लोरेला शेवाळाला खाऊ घातला. दोन्ही बाजूंनी दिवे लावलेल्या चपट्या काचपात्रातून काही सेकंदांत शेवाळ खालच्या गरम अल्कोहोलमध्ये सोडायचे, म्हणजे सारी क्रिया जागच्या जागी थांबे. मग त्याचा अर्क कागदावर पसरवून किरणोत्सारी डाग कुठे उमटतात ते फिल्मवर पाहायचे. अगदी थोड्या वेळात थांबवले की ठळक डाग तीन कार्बनी फॉस्फोग्लिसरिक आम्लाचा निघे. 1961 चे नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळाले. बेन्सन यांचा वाटा पाहता ते खटकतेच. या प्रयोगांतून उलगडलेल्या, कार्बन साखरेत बदलणाऱ्या चक्राचा हिशेब मोठा काटेकोर आहे. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू आत आले की तीन कार्बनी शर्करेचे सहा रेणू तयार होतात. त्यांतला एकच साखरेसाठी बाहेर पडतो. उरलेले पाच पुढचा कार्बन पकडणारी पाच कार्बनी शर्करा पुन्हा उभी करण्यात खर्ची पडतात. त्यासाठी ऊर्जा पुरवणारे एटीपीचे नऊ आणि एनएडीपीएचचे सहा रेणू लागतात. हे रेणू उजेडातच तयार होतात आणि रुबिस्कोही उजेडात जागे होते, म्हणून प्रकाशाची थेट गरज नसलेला हा टप्पा रात्री चालत नाही.

रुबिस्को घडले तेव्हा हवेत ऑक्सिजन नगण्य होता, त्यामुळे दोन वायूंत निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. यावर कोणी विचारेल, नंतरच्या दोन अब्जांहून अधिक वर्षांत सुधारणा का झाली नाही? दोन्ही रेणू लहान आणि विद्युतभाराविना. ओळख पटवायला पकडण्याजोगे फारसे काही नाही. पारख कडक केली की वेग घटतो, वेग वाढवला की पारख ढिली पडते, असेच निरनिराळ्या जीवांतल्या रुबिस्कोंची तुलना सुचवते. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा उसाचा आहे. उसाच्या पानात कार्बन आधी ऑक्सिजनला न भुलणारे दुसरेच विकर पकडते. तो चार कार्बनी आम्लातून शिरांभोवतीच्या पेशींत पोहोचतो आणि तिथे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटतो. असा आसरा मिळालेले उसाचे रुबिस्को गव्हाच्या रुबिस्कोपेक्षा वेगवान आहे, पण कार्बन डायऑक्साइडवरची त्याची पकड सैल आहे. वेगाची किंमत त्यालाही मोजावी लागली. हा आसराही फुकट नाही: प्रत्येक कार्बनमागे एटीपीचे दोन जादा रेणू जातात, म्हणून कडक उन्हात परवडणारी ही सोय थंड हवेतल्या गव्हाला फायद्याची ठरत नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. 2019 मध्ये अमेरिकेत जनुके बदललेल्या तंबाखूची शेतातली वाढ सुमारे 40 टक्क्यांनी जास्त भरली; मग विकरच सदोष होते ना? पण त्या प्रयोगात रुबिस्कोला हातही लावलेला नव्हता. आखूड केली होती ती चूक निस्तरण्याची वाट.