पिस्टन आधी, गॅस्केट मागून

मोटारीच्या इंजिनाला टर्बो बसवला की त्याची शक्ती वाढते, एवढे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती वाढलेली शक्ती कोंडून कशी ठेवावयाची, हा प्रश्न मात्र इंजिन उघडल्यावरच पडतो. गायनाच्या शिक्षकाने या विषयात नाक खुपसण्याचे कारण असे, की माझा एक विद्यार्थी पोलोग्राउंडकडच्या एका यंत्रशाळेत लेथवर काम करतो, आणि गेले वर्षभर तानपुरा जुळवता जुळवता आमचे बोलणे पिस्टनवर घसरते.

त्याने २००४ सालची एक ऑक्टेव्हिया आरएस विकत घेतली आहे. औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला, तेव्हापासून ऑक्टेव्हिया हे नाव आपल्याकडे रुळले. तिची आरएस ही आवृत्ती १.८ लिटरची, टर्बोची, दीडशे अश्वशक्तीची. चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. या इंजिनाची शक्ती दुप्पट करावी असा मुलाचा बेत. गाडी रस्त्यावर आणावयाची नाही, असे त्याने आईला वचन दिले आहे. कायद्यालाही ते मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम असले फेरफार करू देत नाही. आपल्या इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ साली अकरा किलोमीटरांहून लांब अशी लंबवर्तुळाकार चाचणी-धाव झाली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात वेगाचे वारे आहे. आईने बँकेतली ठेव मोडून पैसे दिले, आणि ते एकदाच मिळणार आहेत.

आता वाचकांना वाटेल, पैसे आहेत, तर सामान आणावे आणि बसवावे. पण येथेच निवडीचा घोळ आहे.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन किती पटीने दाबतो, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. या इंजिनात ते मुळात साडेनऊ पट. टर्बो अधिक हवा कोंबू लागला, की तेवढे कॉम्प्रेशन पेलत नाही. ठिणगीने पेटलेली ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपल्या आपण भडकते. यालाच कारागीर 'नॉकिंग' म्हणतात. त्याचा आवाज ही माझ्या प्रांतातली गोष्ट आहे. सिलिंडरातला तप्त वायू त्या भडक्याने तबल्याच्या पुडीसारखा थरथरतो; भांडे जितके रुंद तितका सूर खाली, डग्ग्याचा तोच न्याय. साडेआठ सेंटिमीटरांच्या आतबाहेरचे सिलिंडर सेकंदाला साधारण साडेसहा-सात हजार कंपने देते, म्हणजे पियानोच्या शेवटच्या पट्टीच्याही वर. कारखाना ब्लॉकवर दोन संवेदक बसवून देतो. ते हाच सूर ऐकतात आणि ठिणगी मागे घ्यावयास लावतात. पण ते कान मर्यादेतले. शक्ती दुप्पट झाल्यावर दोन-चार जबर ठोके बसले, तरी पिस्टनवरच्या रिंगांमधली धातूची पट्टी तुटते.

म्हणून कॉम्प्रेशन उतरवावयाचे, समजा नऊ पटीवर. शहरातल्या एका दुकानदाराने सोपा उपाय सांगितला: मूळचेच पिस्टन ठेवा आणि हेडखाली जाड गॅस्केट घाला. खर्च थोडा, काम एका दिवसाचे. मुलगा जवळजवळ भुलला होता.

त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. झिजलेले बोअर वाढवून ८२.५ मिलिमीटर करावयाचे, पिस्टनची चाल ८६.४. एका सिलिंडरचे घनफळ होते ४६२ घनसेंटिमीटर. साडेनऊ पटीला वर ५४.३ घनसेंटिमीटर जागा हवी, नऊ पटीला ५७.७. फरक ३.४ चा, चहाचा चमचाही भरत नाही. एवढा फरक गॅस्केटने काढावयाचा, तर ते सहा दशांश मिलिमीटरांहून थोडे अधिक जाड लागते. कागदावर हे क्षुल्लक दिसते. पण पिस्टन वर आला की त्याची कड आणि हेडची सपाट पट्टी यांच्यात साधारण एक मिलिमीटर अंतर उरावे, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्या चिंचोळ्या जागेतून मिश्रण जोराने मध्ये लोटले जाते, घुसळते आणि लवकर जळते. जाड गॅस्केटने ती फट रुंदावते, कडेला मिश्रण रेंगाळते आणि तेथेच आपोआप भडकते. म्हणजे नॉकिंग टाळण्यासाठी केलेला उपाय नॉकिंगलाच आवतण देतो!

तेव्हा ही जागा पिस्टनच्या माथ्यावरच्या खोलगटात काढावी, हे योग्य. तयार घडीव पिस्टन बाजारात मिळतात; पण ते हेड अस्पर्श आहे असे धरून केलेले असतात. या हेडला पूर्वी दोनदा घासून सपाट केलेले आहे, त्यामुळे त्याची पोकळी लहान झाली आहे. मुलाने तिच्यावर पारदर्शक तक्ता ठेवून, वरून ब्युरेटने थेंब थेंब पाणी सोडून ती मोजली. जलतरंगाचे प्याले लावताना पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. ब्लॉकची उंचीही मोजली. त्यातून क्रँकची अर्धी चाल ४३.२ आणि कनेक्टिंग रॉडची लांबी १४४ वजा केली, की पिस्टनच्या पिनेपासून माथ्यापर्यंत किती उंची मिळते ते कळते. पाच व्हॉल्व्हांसाठी माथ्यावर पाच खाचा, त्याही नेमक्या जागी. असे पिस्टन मापाने घडवून घ्यावे लागतात, आणि एकदा मागवले की परत होत नाहीत. (कनेक्टिंग रॉड या इंजिनात पिस्टनच्याही आधी वाकतात; ते बदलणे ओघानेच आले.)

धातूची निवड उरली. घडीव पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंचे. ४०३२ मध्ये सुमारे बारा टक्के सिलिकॉन. तो कमी फुगतो, सिलिंडरात घट्ट बसवता येतो आणि शांत चालतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच. तो चिवट, ठोका सोसणारा, पण तापला की अधिक फुगतो. म्हणून त्याला मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिनात तो खडखडतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मी पहिल्याच्या बाजूने बोललो असतो. धावपट्टीवर तापणाऱ्या इंजिनासाठी दुसरा बरा. सकाळची खडखड सोसावी.

एवढे ठरल्यावर मग गॅस्केटची पाळी. त्याच्याकडून एकच काम घ्यावयाचे, ते म्हणजे बंदिस्ती. स्फोटाचा दाब शंभर बारपर्यंत गेला, तर एका सिलिंडरवर हेडला उचलू पाहणारा जोर पाच टनांहून अधिक होतो. त्यातच अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते, म्हणजे हेड ब्लॉकवर किंचित सरकत राहते. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट हे सरकणे सोसते. मात्र दोन्ही पृष्ठभाग आरशाच्या जवळ जाणारे हवेत. तांब्याच्या गॅस्केटचे काहींना मोठे कौतुक असते. पण त्यासाठी ब्लॉकमध्ये खाचा पाडून तार बसवावी लागते, आणि तरीही पाणी पाझरते. मला ते शर्यतवाल्यांचे खूळ वाटते. गॅस्केटचे भोक सिलिंडरहून थोडे मोठे, येथे ८३ मिलिमीटर घ्यावे. जुन्या मापाचे वापरले, तर त्याची कड आत डोकावते, लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. सोबत जाड स्टड. कारण गॅस्केट जळते तेव्हा बहुधा हेड उचलले गेलेले असते, आणि शिव्या गॅस्केटला बसतात.

पिस्टनची मागणी गेल्या आठवड्यात गेली. रिंगा येतील तेव्हा त्यांची टोके कानशीने घासून सुमारे चार दशांश मिलिमीटरांची फट ठेवावयाची आहे, नाहीतर तापल्यावर टोकाला टोक भिडते. फीलर गेज त्याने आतापासूनच आणून ठेवले आहे. हेड आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर आहे.