केमिकल इंजिनिअरिंगचे एम.टेक. : दोन वर्षे द्यावीत की नोकरी धरावी?

उस्मानपुऱ्यातील मुलांना इंजिनिअरिंग कॉलेज नवे नाही. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात, स्टेशन रोडला आहे. परंतु तेथे केमिकल ही शाखा नाही. त्यामुळे या शाखेची माहिती घरोघरी पोहोचलेली नाही. बी.टेक. केमिकल झालेला मुलगा "आता एम.टेक. करतो" म्हणाला की वडिलांना प्रश्न पडतो, आणखी दोन वर्षे कशासाठी? दुकानाच्या गल्ल्यातून मुलांची फी भरणाऱ्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एम.एस्सी. केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग एक नव्हे. केमिस्ट प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत पदार्थ तयार करतो. तोच पदार्थ कारखान्यात टनाने, रोज एकाच प्रतीचा, परवडेल अशा खर्चात आणि कोणाच्या जिवाला धोका न होता कसा काढायचा, हे इंजिनिअर पाहतो. घरी चौघांपुरता खलिया करणे आणि लग्नात पाचशे माणसांची देग उतरवणे यांत जो फरक, तोच येथे. घरचे प्रमाण शंभरपट केले म्हणून देग जमत नाही, हे कोणताही बावर्ची सांगेल.

याचे गणित सोपे आहे. एक लिटरच्या चंबूऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे भांडे घेतले तर माल हजारपट होतो, पण भांड्याच्या भिंतीचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला उष्णता बाहेर काढणारी भिंत पूर्वीच्या दहावा हिस्साच येते. चंबूत निमूटपणे पार पडणारी प्रक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. उष्णता वाढली की प्रक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा असेच घडले. बी.टेक.ला या विषयाची ओळख होते. एम.टेक.ला रिअ‍ॅक्टरची रचना, उष्णतेचे वहन, प्रक्रियेवरील नियंत्रण हे सारे खोलवर शिकावे लागते आणि दुसरे वर्ष बहुतेक एकाच प्रकल्पावर जाते.

मग हे सर्वांना हवे काय? आमच्या मते नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण येथील औषध व रसायन कारखान्यांत शिफ्टमध्ये उत्पादन सांभाळायचे असेल तर बी.टेक. पुरते. त्या मुलाने नोकरी धरावी, दोन वर्षांचा अनुभव अधिक कामाचा. ज्याला संशोधन व विकास विभागात किंवा प्लांट डिझाइनमध्ये जायचे आहे, त्याला मात्र एम.टेक.चा खरा उपयोग. इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचे तर ही पदवी लागतेच.

खर्चाची बाजू फारशा पालकांना ठाऊक नसते. गेट परीक्षेचा ग्राह्य गुणांक असलेल्या, मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यास एआयसीटीईकडून दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. एकूण २,९७,६०० रुपये होतात. त्याबदल्यात आठवड्याला आठ-दहा तास अध्यापनाचे काम करावे लागते. गेट न देता रिकाम्या जागेवर प्रवेश मिळतो, पण ही रक्कम मिळत नाही. "गेटची गरज नाही" अशी जाहिरात वाचताना हा हिशोब लक्षात ठेवावा.

शिकायचे कोठे? शहरात विद्यापीठाच्या आवारात केमिकल टेक्नॉलॉजी विभाग आहे. मुंबईत माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेले जुने यूडीसीटी. डॉ. रघुनाथ माशेलकर येथूनच बी.केम. आणि १९६९ साली पीएच.डी. झाले. याच आयसीटीचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात, येथून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. आहे आणि अभ्यासक्रमातच कारखान्यातील प्रशिक्षण येते. म्हणून बारावीतील मुलाच्या घरी हा विचार आताच व्हावा. याशिवाय पवईची आयआयटी, नागपूरचे व्हीएनआयटी आणि १९४२ चे एलआयटी आहेच.

पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली आहे. तिच्या भरवशावर राहू नये. यूजीसी किंवा सीएसआयआरची कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. तिची तयारी करावी.

गेट पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच देता येते आणि गुणांक तीन वर्षे चालतो. म्हणजे पहिल्या खेपेस कमी पडले तरी हाती वेळ राहतो. परीक्षा तीन तासांची, १०० गुणांची, साधारणतः फेब्रुवारीत असते. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, संगणकाच्या पडद्यावरचाच वापरावा लागतो, त्याची सवय आधी करावी. अर्ज बहुधा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुटतात.