टकीलाची निवड : लेबलवाचन, उत्पादनप्रक्रिया आणि ग्राहकाचा माहितीचा हक्क

सारांश

टकीला हे मेक्सिकोतील मूळस्थान-संरक्षित मद्य असून गेल्या काही दशकांत भारतातील महानगरांत व विशेषतः गोव्यातील बारमध्ये ते सहज उपलब्ध झाले आहे. मात्र त्याची निवड बहुधा रंग, बाटलीचा आकार व किंमत यांच्या आधारे केली जाते. प्रस्तुत लेखात टकीलाची उत्पादनप्रक्रिया, कायदेशीर वर्गवारी आणि लेबलावरील संज्ञा यांचे विवेचन करून बारमध्ये चांगल्या टकीलाची निवड कशी करावी, याची तर्कशुद्ध मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : टकीला, निळी घायपात, मूळस्थान-निर्देश, लेबलवाचन, ग्राहकहक्क.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पणजी येथील एका परिसंवादाच्या समारोपानंतर आम्ही पाच-सहा प्राध्यापक एका बारमध्ये बसलो होतो. यजमान सहकाऱ्याने पाहुण्यांचा मान राखावा म्हणून यादीतील ‘गोल्ड’ टकीला मागविली. सोनेरी आहे, म्हणजे उंची असणार, असा साधा तर्क त्यामागे होता. बाटली मेजावर आली तेव्हा तिच्यावरील मजकूर आमच्यापैकी एकालाही उलगडला नाही. त्यात वाणिज्य शाखेत अनेक वर्षे ग्राहकसंरक्षण शिकविणारेही होते. पुढे या विषयाचा अभ्यास केल्यावर लक्षात आले की, त्या यादीतील त्याहून स्वस्त, पाण्यासारखी नितळ टकीला दर्जाने सरस होती. वस्तू निकृष्ट मिळाली यापेक्षा ती निकृष्ट आहे हे आपल्याला वाचता आले नाही, ही बाब अधिक बोचणारी होती. प्रस्तुत लेखाची प्रेरणा त्या प्रसंगात आहे.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा लेख मद्यपानाचा पुरस्कार करीत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु जो प्रौढ नागरिक कायद्याच्या चौकटीत राहून पैसे मोजतो, त्याला आपण काय घेत आहोत हे कळण्याचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, शुद्धता व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. हा हक्क वापरण्यासाठी लेबल वाचता यावे लागते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) टकीलाच्या मूळस्थान-संरक्षणाचे स्वरूप समजून घेणे.
२) उत्पादनप्रक्रियेचा चवीशी व दर्जाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) लेबलावरील संज्ञांचा अर्थ सांगून निवडीचे निकष मांडणे.

३. टकीला म्हणजे काय?

आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला दिसणारी घायपात सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पानांचा वाख काढून दोर वळण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात परंपरेने चालत आला. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून तिच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी निळसर पानांच्या एकाच जातीपासून, म्हणजे निळ्या घायपातीपासून, टकीला तयार होते. अन्य जातींपासून निघणारी मद्ये मेस्काल इत्यादी नावांनी ओळखली जातात. टकीलाच्या बाटलीत अळी असते, हा समज चुकीचा आहे. ती काही मेस्कालांच्या बाटल्यांत घातली जाते.

टकीला हे मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील एका गावाचे नाव आहे. १९७४ मध्ये मेक्सिकोने या नावाला मूळस्थान-निर्देशाचे संरक्षण दिले. त्यानुसार संपूर्ण हालिस्को आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित व तामौलिपास या चार राज्यांतील ठरावीक पालिकाक्षेत्रांतच टकीलाचे उत्पादन होऊ शकते. १९९४ मध्ये स्थापन झालेली टकीला नियामक परिषद त्यावर देखरेख ठेवते. येथील घायपातीची शेते व जुन्या भट्ट्या यांचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मिळालेले भौगोलिक निर्देशन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही संकल्पना नवी वाटणार नाही. दख्खनच्या पठारावरील घायपातीपासूनही भारतात मद्य काढले जाते व ते गोव्यात विकले जाते. ते कितीही चांगले असले तरी त्याला टकीला म्हणता येत नाही.

४. उत्पादनप्रक्रिया आणि चव

द्राक्ष किंवा ऊस यांच्याशी तुलना केल्यास टकीलाच्या कच्च्या मालाचे वेगळेपण ध्यानात येते. ऊस वर्ष-दीड वर्षात तोडणीस येतो. निळी घायपात पक्व होण्यास मात्र साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. ‘हिमादोर’ म्हणून ओळखला जाणारा कुशल तोडणी कामगार लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या ‘कोआ’ने तिची पाने छाटून मधला गड्डा मोकळा करतो. अननसासारख्या दिसण्यामुळे या गड्ड्याला ‘पिन्या’ म्हणतात. एक लिटर शुद्ध टकीलासाठी असा सुमारे सात किलो गड्डा लागतो.

या गड्ड्यात इन्युलिनसारख्या जटिल शर्करा असतात. त्या थेट आंबत नाहीत. उष्णतेने त्यांचे विघटन होऊन फळशर्करा निर्माण होते व मगच किण्व आपले काम करू शकते. म्हणून भाजणे-शिजवणे हा या प्रक्रियेचा गाभा आहे. त्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली, विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस मंद वाफेवर शिजवणे. दुसरी, पोलादी दाबपात्रात काही तासांत शिजवणे. तिसरी, कच्च्या गड्ड्याचा कीस करून यंत्राद्वारे पाण्याच्या माऱ्याने शर्करा धुऊन काढणे व नंतर तिचे विघटन करणे. पहिल्या रीतीत भाजलेल्या रताळ्याची आठवण करून देणारा गोड, खमंग गंध उतरतो. दुसऱ्या रीतीतही निगुतीने काम केल्यास उत्तम फळ मिळते. तिसरी रीत उताऱ्याच्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर असली, तरी तिच्यातून निघणारे मद्य बरेचसे निर्गुण असते, असा जाणकारांचा आक्षेप आहे. यानंतर रस काढणे, आंबवणे आणि किमान दोन वेळा ऊर्ध्वपातन करणे हे टप्पे येतात.

५. लेबलाचे वाचन

५.१ ‘शंभर टक्के घायपात’ : लेबलावरील सर्वांत महत्त्वाचा शब्दसमूह हाच होय. कायद्याने टकीलाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात आंबवली जाणारी सर्व शर्करा निळ्या घायपातीची असते व बाटलीवर तसे छापलेले असते. दुसऱ्यात किमान ५१ टक्के शर्करा घायपातीची असली म्हणजे पुरते. उरलेली, ४९ टक्क्यांपर्यंतची, शर्करा ऊस किंवा मका यांसारख्या अन्य पदार्थांची चालते. बोलीत त्याला ‘मिक्स्तो’, म्हणजे मिश्र, म्हणतात. परंतु मिश्र हा शब्द बाटलीवर कोठेही नसतो. तेथे केवळ ‘टकीला’ एवढेच लिहिलेले असते. म्हणजे येथे जे लिहिलेले नाही, तेच वाचावे लागते. शिवाय शंभर टक्के घायपातीची टकीला संरक्षित प्रदेशातच बाटलीबंद करावी लागते. मिश्र टकीला मात्र मोठ्या टाक्यांतून निर्यात होऊन परदेशात बाटलीबंद होऊ शकते.

५.२ वर्ग : दुसरी बाब मुरवणीची. ‘ब्लांको’ ही न मुरवलेली वा अल्पकाळ ठेवलेली, नितळ टकीला होय. ‘रेपोसादो’ किमान दोन महिने ओकच्या लाकडी पात्रात राहते. ‘आन्येहो’ किमान एक वर्ष व ‘एक्स्ट्रा आन्येहो’ किमान तीन वर्षे, कमाल ६०० लिटरच्या पिंपांत मुरते. यांतील शेवटचा वर्ग २००६ मध्ये मान्य झाला. ‘होवेन’ अथवा ‘ओरो’, म्हणजेच बारच्या यादीतील ‘गोल्ड’, हा पाचवा वर्ग होय. त्यात ब्लांकोमध्ये मुरवलेली टकीला मिसळलेली असू शकते. पण बाजारातील बहुतांश स्वस्त ‘गोल्ड’चा सोनेरीपणा जळवलेल्या साखरेच्या रंगातून येतो. आमची त्या संध्याकाळची चूक नेमकी हीच होती. अलीकडे लोकप्रिय झालेली ‘क्रिस्तालिनो’ ही मुरवलेली टकीला कोळशातून गाळून पुन्हा नितळ केलेली असते. तो स्वतंत्र कायदेशीर वर्ग नाही.

मुरवण जितकी अधिक तितका दर्जा श्रेष्ठ, ही समजूत व्हिस्कीवरून आलेली आहे. व्हिस्कीच्या चवीचा मोठा भाग लाकडातून येतो. टकीलाची मूळ ओळख मात्र घायपातीत आहे आणि दीर्घ मुरवणीत लाकूड तिच्यावर मात करू शकते. म्हणून एखाद्या उत्पादकाची पारख करावयाची असल्यास त्याची ब्लांको चाखावी. तिच्यात दोष झाकण्यास आडोसा नसतो.

५.३ नॉम क्रमांक : प्रत्येक अस्सल बाटलीवर ‘नॉम’ या अक्षरांसह चार अंकी क्रमांक असतो. तो मद्यनिर्मिती-कारखाना दर्शवितो. एकाच कारखान्यात अनेक नावांची टकीला तयार होत असल्याने हा क्रमांक उद्बोधक ठरतो. उदाहरणार्थ, ‘तापातियो’ व ‘एल तेसोरो’ या दोन्ही बाटल्यांवर ११३९ हा क्रमांक आढळतो. बोधचिन्हे व किमती भिन्न असूनही दोन बाटल्यांचा जन्म एकाच ठिकाणी झालेला असू शकतो, हे यावरून कळते.

५.४ जे लेबल सांगत नाही : नियमांनुसार टकीलात रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन व साखरेचा पाक हे चव-मार्दव आणणारे पदार्थ एकूण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत, लेबलावर उल्लेख न करता, मिसळण्याची मुभा राहिलेली आहे. ‘शंभर टक्के घायपात’ ही ग्वाही आंबवलेल्या शर्करेपुरती आहे, हे येथे विसरता कामा नये. ब्लांकोमध्ये केकसारखा व्हॅनिलाचा वास किंवा जिभेवर पाकासारखा जडपणा जाणवल्यास शंका घेण्यास जागा असते. तथापि ही केवळ सूचक लक्षणे होत, पुरावा नव्हे.

६. बारमधील निवड : व्यवहार्य क्रम

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल.

१) यादीवर विसंबून न राहता बाटली मेजावर मागवावी. असा आग्रह धरण्यात संकोचाचे कारण नाही.
२) ‘शंभर टक्के घायपात’ हा उल्लेख व नॉम क्रमांक पाहावा. पहिला नसेल तर ती मिश्र टकीला समजावी.
३) प्रयोजन ठरवावे. मार्गारिता किंवा पालोमा यांसारख्या मिश्रपेयासाठी शंभर टक्के घायपातीची साधी ब्लांको उत्तम. लिंबाच्या आंबटपणात महाग आन्येहोचे बारकावे हरवतात व पैसा वाया जातो. घोटाघोटाने चाखण्यासाठी ब्लांको किंवा रेपोसादो घ्यावी. व्हिस्कीची सवय असलेल्याने आन्येहोपासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.
४) ३० मिलिलिटरचा लहान पेग सांगावा. एका मोठ्या पेगऐवजी दोन भिन्न टकीला लहान प्रमाणात चाखल्यास तुलना शक्य होते.
५) बर्फ, मीठ व लिंबू प्रथम बाजूला ठेवावे. मीठ-लिंबाने उग्रपणा झाकतो, तसाच गुणही झाकतो. मेक्सिकोत टकीला सावकाश घोट घेत, अनेकदा ‘सांग्रिता’ या आंबट-तिखट रसासोबत पितात. एका दमात घशाखाली उतरवणे ही चांगल्या टकीलाची रीत नव्हे.
६) देखणी बाटली व प्रसिद्ध व्यक्तीचे नाव यांना दर्जाचा पुरावा मानू नये.

अर्थात हे सर्व कायद्याच्या मर्यादेत अभिप्रेत आहे. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे व परवाना आवश्यक आहे. गोव्यात वयाची अट २१ वर्षे आहे.

७. शेतकऱ्याच्या दृष्टीने

निवडीचा प्रश्न केवळ जिभेपुरता नाही. आज लावलेले रोप सहा-सात वर्षांनी विकावयाचे असल्याने घायपातीचा बाजार सतत हेलकावे खातो. दर चढले की सर्वजण लागवड करतात आणि पीक तयार होईपर्यंत भाव कोसळलेले असतात. २०२१-२२ च्या सुमारास किलोला ३० पेसोंच्या आसपास गेलेला दर २०२४ पर्यंत १० पेसोंच्याही खाली आला. अर्थशास्त्रात ‘कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत’ म्हणून शिकविले जाणारे हे चक्र कांदा उत्पादकांच्या महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेजीच्या काळात अपक्व गड्डेही तोडले जातात व त्याचा परिणाम चवीवर होतो.

दुसरा प्रश्न जैवविविधतेचा. घायपातीला फुलोरा आला की गड्ड्यातील शर्करा त्यात खर्च होते. म्हणून फुलोऱ्याचा दांडा आधीच छाटतात व मातृरोपाच्या फुटव्यांपासून लागवड करतात. परिणामी शेतेच्या शेते जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी होतात आणि रोगाला बळी पडतात. फुलांवर जगणाऱ्या व परागीभवन करणाऱ्या वटवाघळांचे अन्नही हिरावले जाते. यावर उपाय म्हणून काही उत्पादक शेतातील थोडी झाडे फुलू देतात. अशा प्रयत्नांना बळ द्यायचे की नाही, हे अंतिमतः खरेदीदार ठरवितो.

८. निष्कर्ष

१) टकीलाचा रंग, वय व किंमत हे दर्जाचे विश्वसनीय निदर्शक नाहीत.
२) ‘शंभर टक्के घायपात’ हा उल्लेख आवश्यक निकष आहे, परंतु तो पुरेसा नाही.
३) ब्लांको हा उत्पादकाच्या कौशल्याचा सर्वांत प्रामाणिक नमुना होय.
४) मिश्रघटकांचा उल्लेख न करण्याची मुभा ग्राहकाच्या माहितीच्या हक्काशी विसंगत आहे.

९. समारोप

पणजीच्या त्या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखकाने ग्राहकसंरक्षणाच्या तासाला एक छोटा बदल केला आहे. विद्यार्थ्यांना घरातील कोणत्याही वस्तूचे, म्हणजे तेल, मध, बिस्किटे यांचे वेष्टन आणावयास सांगून त्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, याची यादी करावयास लावतो. मधाच्या बाटलीपासून मद्याच्या बाटलीपर्यंत वाचनाची रीत एकच आहे. अज्ञानापोटी मोजलेली जादा किंमत हे खरे तर लहान नुकसान होय. प्रश्न विचारण्याचा संकोच हे त्याहून मोठे नुकसान आहे आणि ते दूर करणे अध्यापकाच्या हाती आहे.